डॉक्टरांनी गोड बोलावं, पण केव्हा?

जून २०२५ मधला गोव्यातल्या बांबोळीचा तो व्हिडिओ आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजून अधूनमधून वर येतो. इंजेक्शनसाठी आलेल्या वृद्ध महिलेशी कॅज्युअल्टीतला डॉक्टर नीट वागला नाही अशी तक्रार होती. आरोग्यमंत्री कॅमेऱ्यासकट गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पोचले, त्याला सगळ्यांसमोर झापलं आणि निलंबनाचा हुकूम सोडला. डॉक्टर आंदोलनावर उतरले, मुख्यमंत्र्यांनी निलंबन होणार नाही असं जाहीर केलं, मंत्र्यांनी माफी मागितली. प्रकरण मिटलं, वाद काही मिटला नाही. माझे नातेवाईक म्हणतात, "मंत्र्यांची पद्धत चुकली, पण डॉक्टरांना कुणीतरी सुनवायलाच हवं होतं." डॉक्टर मित्र म्हणतात, "रांग दारापर्यंत गेलेली असताना गोड बोलून दाखव."

मी डिचोलीचा, शिकलो बांबोळीला, आता इंग्लंडमध्ये मेडिसिनच्या वॉर्डात काम करतो. त्यामुळे मला साक्षीला ओढतात: तुमच्याकडचे डॉक्टर बघ, किती अदबीने बोलतात! बोलतात खरे. पण परदेशातून आलेल्यांची ही अदब कुठून येते तेही ऐका. बहुतेकांना इथल्या नोंदणीसाठी प्लॅबची दुसरी परीक्षा मँचेस्टरला द्यावी लागते. खोलीत पेशंटचं सोंग घेतलेला नट बसलेला असतो आणि आठ मिनिटांत त्याला वाईट बातमी द्यायची असते, नाहीतर संतापलेल्या मुलाला शांत करायचं असतं. त्यासाठी क्लासेस आहेत, तिथे वाक्यं घोटून घेतात. "हे ऐकून मला फार वाईट वाटलं." खऱ्या पेशंटला ही घोकंपट्टी लगेच कळते, आणि रात्रभर कॉरिडॉरमधल्या ट्रॉलीवर काढलेली असेल तर ती झोंबतेसुद्धा. आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसला संवाद आणि नीतिमत्ता शिकवणारं ॲटकॉम आलं आहे. तेही लॉगबुकात सही मिळवण्यापुरतं उरू नये, एवढीच धास्ती.

इथलं मला खरोखर पटलेलं काम फार साधं आहे. केट ग्रेंजर ही स्वतः डॉक्टर, तिला कॅन्सर झाला. २०१३ मध्ये रुग्णालयात पडून असताना तिच्या लक्षात आलं की येणारी-जाणारी माणसं स्वतःचं नावच सांगत नाहीत. तिने आणि तिच्या नवऱ्याने 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली. २०१६ मध्ये ती गेली, मोहीम राहिली. गोव्यात याला फार शिकवणीही लागू नये. आमच्याकडे पेशंटच आधी विचारतो, "डॉक्टर, तुमी खंयचे?" गावाचं नाव सांगितलं की निम्मा राग तिथेच उतरतो. मास्कआडून नुसतं "पुढचा" म्हणण्यापेक्षा याला वेळही फारसा जास्त लागत नाही.

वाईट बातमीचं प्रकरण मात्र दोन्हीकडे अडतं. इथे आजार पेशंटचा, म्हणून माहितीही आधी त्याची. मुलाला सांगायचं तर आईची परवानगी हवी. गोव्यात मुलगा डॉक्टरला दारातच गाठतो: "आईला काही सांगू नका." डॉक्टर मान डोलावतो, रिपोर्ट मुलाच्या हातात देतो, आणि आई सगळ्यांचे चेहरे वाचत बसते. इथून बघताना मला हे क्रूर वाटू लागलं होतं. पण पासष्टीच्या बाईला ती एकटी असताना सगळं सांगून, हातात पत्रक देऊन डॉक्टर निघून गेलेलाही मी इथेच पाहिला आहे. वाईट बातमी सांगण्यासाठी २००० साली मांडलेल्या 'स्पाइक्स' पद्धतीत एक पायरी असते: सांगण्याआधी पेशंटलाच विचारा, तुम्हाला किती कळायला हवंय? ही पायरी गोव्याला नेमकी लागू पडते. एखादी आई म्हणेल, "म्हज्या पुताक सांगात." एखादी मुलालाच बाहेर जायला सांगेल. दोन्ही उत्तरं तिची. मुलाला मात्र हे दारातच, न रागावता समजवावं लागतं, आणि तिथे दहा मिनिटं जातात.

ती दहा मिनिटं कुठून आणायची, हे आपल्या वादात कुणी विचारत नाही. निवासी डॉक्टरांनी एका वेळी साधारण १२ तास आणि आठवड्याला ४८ तास काम करावं, असं केंद्राने १९९२ मध्येच लिहून ठेवलं आहे. इथेही सरासरी ४८ तासांचीच मर्यादा आहे. फरक एवढाच, की ठरल्यापेक्षा जास्त वेळ थांबावं लागलं तर निवासी डॉक्टर 'एक्सेप्शन रिपोर्ट' भरतो आणि रुग्णालयाला त्याचा जाब द्यावा लागतो. भरताना काहीजण अजून कचरतात. पगार आणि परिस्थितीवरून इथल्या डॉक्टरांनी २०२३ पासून संपही केलेच आहेत. तेव्हा इंग्लंड म्हणजे स्वर्ग, हा गैरसमज नको.

तरी एक गोष्ट गोव्यात न्यावीशी वाटते. २००८ मध्ये लंडनमध्ये खास डॉक्टरांसाठी मानसिक आजार आणि व्यसनांवरची गोपनीय सेवा सुरू झाली, पुढे ती इंग्लंडभर पोचली. थकलेला, रडू आवरत नसलेला, रात्री पिऊ लागलेला डॉक्टर आपल्या रुग्णालयाला न कळवता तिथे जाऊ शकतो. गोव्यात त्याने कुठे जायचं? आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय बांबोळीतच, गोमेकॉच्या शेजारी. तिथे गाडी लावली की संध्याकाळपर्यंत डिचोलीत चर्चा. तपासायला समोर बसलेला बहुधा आपलाच ज्युनियर. म्हणून आमचे लोक जात नाहीत. स्वतःच गोळी लिहून घेतात, आणि मग त्यांचा आवाज कॅज्युअल्टीत चढतो तेव्हा सगळे त्यांना संस्कार शिकवायला धावतात.

गोवा लहान आहे, तर उपायही त्या मापाचा हवा. गोव्याच्या डॉक्टरांना बेळगावच्या मानसोपचारतज्ज्ञांनी बघावं, बेळगावच्यांना गोव्याच्यांनी, फोनवर किंवा व्हिडिओवर. नोंद गोमेकॉत नको, बढतीच्या कागदात तर मुळीच नको. हे सुरू करायला नवी इमारत लागत नाही. आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेच्या गोवा शाखेने मनावर घेतलं तर सरकारी फाइल हलायची वाट बघण्याचंही कारण नाही.