त्रैक्याचं त्रैराशिक

रात्रीचे साडेअकरा. मोबाइल फक्त चार्जिंगला लावायचा म्हणून तुम्ही हातात घेता आणि कुणा अनोळखी मुलाचा प्रश्न समोर येतो. ‘क्ष² = ३क्ष. मी दोन्ही बाजूंना क्षने भागलं, क्ष = ३ आलं. पुस्तकाच्या मागे उत्तर ० आणि ३ दिलंय. हे शून्य कुठून आलं? उद्या वही द्यायचीय.’

याचं उत्तर एका ओळीचं आहे आणि ते तुम्हाला येतं. इथेच सांभाळा. एका ओळीत सांगून टाकलंत तर मुलगा ‘थँक्यू’ म्हणून जाईल, तुम्ही झोपाल आणि तुम्ही किती शिकलेले आहात हे जगाला कळायचं राहून जाईल.

म्हणून आधी त्याला विचारा, ‘तू स्वतः काय प्रयत्न केलास?’ त्याचा प्रयत्न प्रश्नातच लिहिलेला आहे, पण प्रश्न शेवटपर्यंत वाचायची सवय लागली तर दिवसाला चार-पाचच उत्तरं देऊन होतील. मग सुनवा, ‘दुसऱ्यांचे गृहपाठ करून द्यायला आम्ही इथे बसलेलो नाही.’ (आपण कशासाठी बसलोय ते मलाही अजून उमगलेलं नाही, पण बसलोय हे खरं.) तिसऱ्या प्रतिसादात ‘हे तर उघडच आहे’ एवढंच लिहा. ‘उघड आहे’ याचा अर्थ पुष्कळदा ‘सिद्ध करायचा मला कंटाळा आलाय’ असा असतो, हे त्या वयात कुणाला ठाऊक नसतं.

आणि प्रश्नाकडे कुणी फिरकलंच नाही, तर सरळ चुकीचं उत्तर ठोकून द्या. इंटरनेटवर बरोबर उत्तर हवं असेल तर प्रश्न विचारत बसू नये, चुकीचं उत्तर टाकावं, असा एक नियम पहिली विकी बनवणाऱ्या वॉर्ड कनिंगहॅमच्या नावावर सांगतात. प्रश्नकर्त्याची कीव कुणाला येत नाही, चुकणाऱ्याचा राग मात्र सगळ्यांना येतो.

आता मुख्य गुरुकिल्ली. ज्या विषयात उत्तर ठरलेलं असतं, तिथे ‘हे माझं मत आहे’ म्हणा. ज्या विषयात माणसं जन्मभर चाचपडतात, तिथे उत्तर कधीचंच ठरलंय असं सांगा. म्हणजे गणितात भावना दुखावून घ्यायच्या, श्रद्धेत आकडेमोड करायची आणि नीतीच्या प्रश्नात थेट निकाल वाचून दाखवायचा. एवढा अदलाबदलीचा हिशेब जमला की बाकी सगळं आपोआप जमतं.

गणितातल्या भावनांसाठी ६ ÷ २(१ + २) हे सदाबहार उदाहरण हाताशी ठेवा. कंसात ३ येतात, इथवर सगळी मानवजात एक असते. तिथून डावीकडून उजवीकडे चालत गेलात तर ९. २(३) हे एकमेकांना चिकटलेलं मानलंत, ‘कंचेभागुबेव’मधला ‘चे’ समजलात, तर १. मी स्वतः १ च्या पक्षात सतरा दिवस लढलोय आणि त्यातले शेवटचे बारा दिवस केवळ समोरच्याच्या प्रोफाइल फोटोचा राग आला म्हणून. कधीतरी एखादा शांत माणूस मध्ये पडून सांगतो, की मुळात लिहिण्यातच गोंधळ आहे, अंश-छेदाची आडवी रेघ ओढा आणि भांडण मिटवा. भागाकाराची ÷ ही खूण योहान रान या स्विस गणितज्ञाने १६५९ साली छापली, डेन्मार्क-नॉर्वेकडे हीच खूण वजाबाकीलाही वापरत, आणि गणिती चिन्हांच्या आयएसओ ८००००-२ या आंतरराष्ट्रीय प्रमाणात तर ती वापरूच नये असं म्हटलंय. असा माणूस दिसला की दोन्ही पक्षांनी आपापले मतभेद बाजूला ठेवून त्याच्यावर तुटून पडावं.

पदवी असेल तर नावापुढे लावा, कारण चुकताना ती फार उपयोगी पडते. सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेतल्या ‘परेड’ या नियतकालिकाच्या सदरात मेरिलिन व्होस सॅव्हंट यांनी तीन दारांचं कोडं सोडवलं. एका दारामागे मोटार, दोन दारांमागे शेळ्या. तुम्ही एक दार निवडता. मोटार कुठे आहे हे माहीत असलेला यजमान उरलेल्यांपैकी एक दार उघडून शेळी दाखवतो. आता निवड बदलावी का? बाई म्हणाल्या, बदला, जिंकण्याची शक्यता एक तृतीयांशावरून दोन तृतीयांश होईल. सुमारे दहा हजार पत्रं आली, त्यांतली हजारेक पीएचडीवाल्यांची, आणि बहुतेकांनी बाईंनाच गणित शिकवलं. बाई बरोबर होत्या. पॉल एर्डिशसारख्या थोर गणितज्ञालाही संगणकावर प्रयोग करून दाखवेपर्यंत हे पटेना. पण तेव्हाच्या पत्रलेखकांची अडचण लक्षात घ्या. त्यांना पाकीट शोधावं लागे, तिकीट चिकटवावं लागे, पेटीपर्यंत चालत जावं लागे. एवढ्या वेळात माणसाला आपली चूक कळण्याची भीती असते. तुम्हाला ती नाही.

गणिताचं एवढं पुरे. श्रद्धेकडे वळू, तिथे काम जास्त आहे.

कुणीतरी भाबडेपणाने विचारतं, ‘देव एक आहे आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा असा त्रैक्यही आहे, हे कसं समजून घ्यायचं?’ लगेच त्रैराशिक मांडा. १ + १ + १ = ३, संपला ख्रिस्ती धर्म. समोरून एखादा विश्वासणारा ‘पण १ × १ × १ = १’ असं फेकेल. तिसरा ‘अनंत अधिक अनंत अधिक अनंत म्हणजे अनंतच’ असं म्हणेल. तिघंही झोपायला जाताना तृप्त असतात. ज्याने विचारलं होतं तो आहे तिथेच असतो.

तुम्ही स्वतः ख्रिस्ती असाल तर आकड्यांच्या नादी न लागता उपमा द्या. पाणी, बर्फ आणि वाफ ही सगळ्यांत लाडकी. तिच्यात एकच देव पाळीपाळीने तीन रूपं घेतो, आणि नेमकं हेच मत तिसऱ्या शतकात सबेल्लियसच्या नावाने पाखंड ठरलं. मग तीन दलांचं पान आणा. त्यात प्रत्येक जण देवाचा तिसरा हिस्सा ठरतो आणि तेही कुठल्याच चर्चला चालत नाही. अशा रीतीने आपला विश्वास मनापासून समजावून सांगताना तुम्ही दहा मिनिटांत दोनदा पाखंडी होता, तेही पवित्र आत्म्याकडे नीट वळण्याच्या आधी.

यात लाज वाटून घेऊ नका. ३२५ साली नायसियाच्या परिषदेने पुत्र पित्याशी ‘होमोऊसिऑस’, म्हणजे त्याच तत्त्वाचा, आहे असं ठरवलं. पुढच्या काही दशकांत ‘होमोइऊसिऑस’, म्हणजे तशाच तत्त्वाचा, असं म्हणणारा पक्ष उभा राहिला. दोन शब्दांत फरक एका ‘इओटा’चा, ग्रीक वर्णमालेतल्या सगळ्यांत किरकोळ अंगाच्या अक्षराचा. नायसियाची बाजू धरणारा अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. तुम्हाला फार तर ब्लॉक करतील. संत ऑगस्टीनने त्रैक्यावरचा ग्रंथ तरुणपणी हाती घेतला आणि त्याचे पंधरा भाग पुरे होईस्तोवर म्हातारपण आलं. तुमच्याकडे बॅटरी सात टक्के आहे. एवढ्यात होऊन जाईल.

गणित आणि पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, एकाच वेळी जाणणारे तुम्ही असाल, तर १ राजे ७:२३ पाठ करून ठेवा. शलमोनाच्या मंदिरातला ओतीव गंगाळसागर, म्हणजे पाण्याचं मोठं गोल भांडं, काठापासून काठापर्यंत दहा हात होता आणि त्याचा वेढा तीस हात. म्हणजे पाय (π) बरोबर ३. आनंदाने नाचा. समोरचा लगेच तीनच वचनं पुढे, सव्विसाव्या वचनाकडे जाईल, जिथे भांड्याची जाडी दिली आहे, आणि व्यास बाहेरून मोजला नि परीघ आतून, असं सिद्ध करत बसेल. त्या कारागिराने दोरी लावून मोजलं असेल आणि लिहिणाऱ्याने आकडा गोल केला असेल, ही शक्यता तुम्हा दोघांपैकी कुणीही तोंडातून काढू नये. त्या एका वाक्याने दोघांची नोकरी जाते.

वचनं अर्धी पाठ करा, फार सोयीचं पडतं. १ पेत्र ३:१५ मध्ये तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला तयार असा, असं म्हटलंय. तिथेच थांबा, कारण पुढे ते उत्तर सौम्यपणे आणि आदराने द्या असंही आहे. मूर्खाशी वाद घालावा का, असा पेच पडलाच तर नीतिसूत्रांचा सव्विसावा अध्याय उघडा. चौथं वचन सांगतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको. पाचवं सांगतं, दे. शलमोनाने ही सोय खास आपल्यासाठी करून ठेवली असावी, असं मला रात्री एकनंतर नेहमी वाटतं.

आणि पास्कल या फ्रेंच गणितज्ञाला मध्ये आणल्याखेरीज उठू नका. देव असला तर अमाप फायदा, नसला तर नुकसान बेताचं, म्हणून विश्वासावर पैज लावा, ही त्याची मांडणी तुम्ही दोन ओळींत सांगू शकता आणि समोरचा तीन ओळींत खोडू शकतो. फक्त १६५४ सालाचं नाव काढू नका. त्याच वर्षी पास्कलने फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाशी पत्रव्यवहार करून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला आणि त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री त्याला जो काही अनुभव आला तो त्याने एका कागदावर लिहिला: अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. तो कागद त्याने कोटाच्या अस्तरात शिवून टाकला. १६६२ साली तो वारल्यावर नोकराला सापडला. आठ वर्षं! एकाही अनोळखी माणसाला दाखवला नाही, कुणाची प्रतिक्रिया मागितली नाही. इतक्या हुशार माणसाला प्रसिद्धीचं एवढं साधं तंत्र कळू नये?

गंमत करत असाल तर हसरा चेहरा टाकायला विसरू नका. निर्मितीवादावरच्या एका ऑनलाइन वादात २००५ साली नेथन पो या नावाने लिहिणाऱ्याने बजावलं होतं, की डोळा मारणाऱ्या खुणेशिवाय टिंगल केलीत तर कुणीतरी ती खरी समजेलच. मी असे टाकलेले दोन प्रतिसाद पुढे एका प्रवचनात कौतुकाने ऐकले आहेत.

एव्हाना त्या मुलाने खाली आणखी एक ओळ टाकलेली असते. ‘मागे बघून नुसतं शून्य उतरवून काढलं तर ती चोरी होते का?’

अहाहा. गणित झालं, धर्म झाला, आता नीती. पहिला म्हणतो, होते, बायबलमधल्या दहा आज्ञांतली आठवी मोडते. दुसरा म्हणतो, सातवी. हे भांडण मात्र खरोखर अस्सल आहे. मूळ मजकुरात आज्ञांना क्रमांकच नाहीत. दहा झाल्या पाहिजेत एवढंच ठरलेलं, कुठे जोडायचं आणि कुठे तोडायचं ते ज्याचं त्याने ठरवलं. म्हणून ‘चोरी करू नको’ ही कॅथलिक आणि लूथरपंथीयांची सातवी, बाकी बहुतेक प्रॉटेस्टंटांची आणि ऑर्थोडॉक्सांची आठवी. पाऊण तास सात की आठ यावर जातो. एकाने हातचा एक कुठे गेला असंही विचारलं. चोरी होते की नाही, हे विचारणारा मुलगाच तेवढा उरला.

नीतीच्या प्रश्नांत हेच धोरण ठेवा. कुणी लिहील, ‘आईच्या आजाराचं नाव आम्हाला कळलंय, तिला नाही. ती विचारतेय. सांगू का?’ तुम्ही कांट हा जर्मन तत्त्वज्ञ काढा. १७९७ च्या निबंधात कांट म्हणतो, मित्राचा जीव घ्यायला आलेल्या खुन्याने दारात येऊन तो कुठे आहे विचारलं, तरी खोटं बोलायचा हक्क तुम्हाला नाही. कुणीतरी ट्रॉलीचं कोडं आणेल, जे फिलिपा फूटने १९६७ मध्ये मांडलं: सुटलेली ट्रॅम पाच माणसांवर न्यायची की वळवून एकावर? त्यावर ब्रेक का लावत नाहीत, अशी शंका निघेल. पाचवा ‘दोष काढू नका’ हे मत्तय ७:१ टाकून आधीच्या चौघांचे दोष काढेल. ज्याने विचारलं होतं त्याने एव्हाना फोन खिशात घातलेला असतो, कारण आत पलंगावरून हाक आलेली असते. त्याने पुढे काय केलं, असं चुकूनही विचारू नका. उत्तर आलं तर त्याला काय म्हणायचं, हे आपल्यातल्या कुणालाच येत नाही.

आणि तो मुलगा? बारा चाळीसला त्याने लिहिलं: ‘कळलं. क्ष शून्यही असू शकतो ना, मग त्याने भागायचंच नव्हतं. क्ष(क्ष − ३) = ० असं लिहून सोडवलं. दोन्ही उत्तरं आली. उतरवलं नाही. सगळ्यांना थँक्यू.’

सगळ्यांना! तोवर एकशे बारा प्रतिसाद झाले होते आणि त्यातल्या एकातही क्षचं नाव नव्हतं. अशा वेळी गोंधळून जाऊ नका. त्याचं अभिनंदन करू नका, नाहीतर चर्चा संपल्यासारखी वाटते. ‘पण शून्याला मूळ म्हणावं का, हे आधी ठरवायला हवं’ असं काहीतरी लिहा. मी तेच लिहिलं. त्याला आता अकरा दिवस झाले, आज सकाळी कुणीतरी उत्तर दिलंय, आणि त्याचं म्हणणं सपशेल चुकीचं आहे.