पावती दाखवा, मग हात वर करा

शाळेत मूल दाखल झाले की पालक आपोआप पालक-शिक्षक संघाचा सभासद होतो. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ मध्ये तसे लिहून ठेवलेले आहे. त्यासाठी अर्ज, शिफारस, पहाटेची रांग यांपैकी काहीही लागत नाही, आणि कोथरूडमध्ये मुलांच्या प्रवेशासाठी या तिन्ही प्रकारांतून गेलेल्या माणसाला हा केवढा दिलासा वाटतो, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. त्याच कायद्यात संघाच्या सभासदांकडून दरवर्षी शहरी भागात ५० रुपये आणि ग्रामीण भागात २० रुपये वर्गणी घ्यावी असेही म्हटलेले आहे, आणि आमच्याकडच्या सगळ्या कटकटींचे मूळ या पन्नास रुपयांत आहे.

आमच्या शाळेची वर्षाची फी लाखाच्या घरात आहे. बसचे पैसे वेगळे, गणवेशाचे वेगळे, ज्या स्नेहसंमेलनात आपले मूल तिसऱ्या रांगेत झाड होऊन उभे राहते त्याच्या पोशाखाचे वेगळे. हे सर्व पैसे आम्ही बिनतक्रार भरतो, किंवा तक्रार करायची झाली तर घरी, जेवताना करतो. पन्नास रुपयांचे मात्र तसे नाही. ते कोणाकडे द्यायचे, त्यांची पावती कोण देणार, मागच्या वर्षीच्या पन्नासांचे काय झाले, आणि मुळात ते ऐच्छिक आहेत की सक्तीचे, असे प्रश्न जून उजाडताच फाटकापाशी सुरू होतात. पुणेकर मोठ्या रकमेला बिचकत नाही. लहान रकमेच्या मागचे तत्त्व त्याला झोपू देत नाही.

वर्गणी गोळा करण्याचे काम आमच्याकडे एका निवृत्तीला आलेल्या गृहस्थांनी स्वतःहून अंगावर घेतले आहे. कायद्यातल्या पदांच्या यादीत मुख्याध्यापक अध्यक्ष, एक पालक उपाध्यक्ष, एक शिक्षक सचिव अशी माणसे आहेत. खजिनदार मला तरी त्यात सापडला नाही. पण हे गृहस्थ त्यांच्या सोसायटीचे अनेक वर्षे खजिनदार आहेत, आणि तिथे थकबाकीदारांची नावे जिन्याखालच्या फलकावर लावण्याचा त्यांना दांडगा अनुभव आहे. त्यामुळे शाळेतही त्यांना सगळे खजिनदारच म्हणतात. संघाची कार्यकारी समिती निवडण्यासाठी भरणाऱ्या सर्वसाधारण सभेच्या आदल्या दिवशी त्यांनी सभागृहाच्या दारावर स्वहस्ते पाटी लावली : ‘ज्या पालकांनी चालू वर्षाची वर्गणी भरलेली नाही त्यांनी सभेत हात वर करू नये. केल्यास तो मोजला जाणार नाही. आळस देण्यासाठी हात वर करणाऱ्यांनी तसे आधी सांगावे.’

सभेच्या दिवशी दाराशीच लहान बाक टाकून ते बसले होते. पुढ्यात पावतीपुस्तक, त्यात निळा कार्बन, डावीकडे शिक्का आणि शाई सुकत आलेले स्टँपपॅड. शिक्का उमटवण्यापूर्वी ते पॅडवर हलकेच फुंकर घालत, जणू त्यामुळे शाई वर येणार होती. रांगेतल्या प्रत्येकाने मोबाइल पुढे केला, पण मोबाइलवरून पैसे घ्यायला त्यांचा ठाम नकार होता. “माझ्या खात्यात घेतले तर उद्या तुम्हीच म्हणाल, खजिनदाराने खाल्ले,” असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही म्हणालोच असतो. मग पाचशेच्या नोटा बाहेर आल्या. सुटे कोणाकडेच नव्हते. कोथिंबिरीची जुडीसुद्धा स्कॅन करून घेणाऱ्या या शहरात पन्नासाची नोट आता फक्त लग्नाच्या अहेराच्या जुन्या पाकिटांत उरली असावी. शेवटी काही पालक समोरच्या गाडीवर वडापाव खाऊन नोटा मोडून आले, आणि मताधिकार मिळवण्यासाठी वर्गणी पन्नास व वडापावाचे साठ असा एकूण एकशे दहा रुपयांचा खर्च आला, हे त्यांनी आत येऊन सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले.

आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील मात्र रांगेत उभे न राहता सरळ आत जाऊन पुढच्या बाकावर बसले. “मागच्या वर्षीच्या वर्गणीचा हिशोब दाखवा, या वर्षीची आत्ता देतो,” असे त्यांचे म्हणणे होते. हिशोब सभेत मांडला जाईल, असे खजिनदारांनी सांगितले. “मग मांडा,” ते म्हणाले. मांडू, पण त्यावर प्रश्न विचारायचा तर वर्गणी भरलेली असली पाहिजे, असे उत्तर आले. प्रश्न विचारल्याशिवाय वर्गणी भरायची नाही हाच तर माझा मुद्दा आहे, असे त्यांनी शांतपणे सांगितले, आणि पहिलीच्या मुलांसाठी केलेल्या त्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसलेला तो माणूस मला त्या क्षणी सभागृहातला सर्वांत सुखी माणूस वाटला.

त्यानंतर मत कोणाला, यावर चर्चा पेटली. जुळ्या मुलींच्या आईने दोन वर्गण्या भरल्या होत्या, म्हणून त्यांनी दोन मते मागितली. खजिनदार म्हणाले, “सहकारी संस्थेतसुद्धा एका सभासदाला एकच मत असते, ताई.” “मग वर्गणीही एकच घ्यायची होती, काका,” असे म्हणून त्यांनी दुसरी पावती परत केली, पण कार्बनखाली तिची नक्कल निघालेली असल्यामुळे ती रद्द करायला ठराव लागेल असे निघाले. एका नवरा-बायकोंपैकी दोघांनीही वर्गणी भरली होती आणि सहलीच्या प्रश्नावर दोघांची मते विरुद्ध होती, तेव्हा एका घरातून एकच हात वर जाईल हा नियम त्यांच्या बाबतीत कसा लावायचा हे कोणालाच सुचेना. त्यांनी तो घरी जाऊन सोडवावा असे ठरले. आमच्या शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंचा मुलगा इथेच सहावीत आहे. त्या शिक्षक म्हणून सभासद आणि पालक म्हणूनही सभासद, त्यामुळे त्या कोणत्या बाजूला बसल्या आहेत यावर त्यांचे मत अवलंबून राहील, असे एकाने सुचवले. बाई उठून खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

तेवढ्यात सदाशिव पेठेतून नातवासाठी आलेले एक आजोबा उठले. मुलगा आणि सून दोघेही हिंजवडीहून वाटेत अडकले असल्यामुळे त्यांनी आपल्याबरोबर मुखत्यारपत्र आणले होते, आणि तेही पाचशेच्या मुद्रांकावर. म्हणजे पन्नासाच्या वर्गणीच्या रक्षणासाठी दहापट खर्च करून. ते चालणार नाही, असे खजिनदार म्हणताच आजोबांनी चष्मा काढला. “१८७० साली याच शहरात सार्वजनिक सभा निघाली,” ते म्हणाले, “तेव्हा तिचा सभासद व्हायला निदान पन्नास माणसांनी सह्या केलेले मुखत्यारपत्र लागत असे. पन्नास माणसे. पन्नास रुपये नव्हेत.” सभागृहात टाळ्या पडल्या. थकबाकीदारांच्या टाळ्या मोजू नयेत, असे खजिनदार म्हणाले.

अखेर, वर्गणी न भरलेल्यांना मत द्यावे की नाही हे मतानेच ठरवावे, अशी सूचना आली. त्या मतदानात वर्गणी न भरलेल्यांनी भाग घ्यावा की नाही, अशी त्यावर शंका आली. सचिव असलेल्या बाईंनी इतिवृत्तात ‘साधकबाधक चर्चा झाली’ एवढेच लिहिले, आणि इतिवृत्ताचा खरा उपयोग काय असतो ते मला तेव्हा कळले.

या वेळी मागच्या बाकावरून एक वकीलबाई उठल्या. त्यांच्या हातात अधिनियमाची प्रत होती. कार्यकारी समिती मतदानाने निवडायचीच नसते, असे त्या म्हणाल्या. इच्छुक पालकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून सोडत काढायची. प्रत्येक इयत्तेचा एक पालक आणि एक शिक्षक, आणि त्यात निम्म्या महिला. मत नावाची वस्तू या प्रकरणात आज कोणालाच वापरायची नाही.

सभागृहात अशी निराशा पसरली की काय सांगावे. एका गृहस्थांनी तर ‘उमेदवार’ असे छापलेली कार्डे आणली होती. माझे म्हणाल तर, हा कायदा करणाऱ्यांपैकी कोणीतरी पुण्यातल्या एखाद्या सोसायटीची निवडणूक जवळून पाहिलेली असणार, असे मला वाटते. दोन पॅनेल पडली असती, पुढच्या वर्षी एका पॅनेलची दोन झाली असती, आणि पाचवीतल्या मुलांनी कोणाच्या डब्यातले खायचे यावर त्याचे परिणाम दिसले असते. चिठ्ठी निघाली तर निदान कोणी कोणावर रुसू शकत नाही.

वकीलबाईंनी पुढे आणखीही वाचले, आणि खरे पाहता महत्त्वाचे तेच होते. पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव शाळेने सहा महिने आधी याच समितीपुढे ठेवायचा असतो, आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षे लागू राहते. एकमत झाले नाही तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाते. म्हणजे लाखाच्या बाबतीत तोंड उघडायची जागा हीच. “तेव्हा इच्छुकांनी नावे द्यावीत,” असे मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि मघापासून आपल्या हक्कासाठी उभ्या असलेल्या लोकांना एकाएकी पार्किंग, गॅसवरचा कुकर आणि उद्याची भूगोलाची चाचणी आठवली. पन्नास रुपयांच्या प्रश्नावर बसायला जागा नव्हती. लाखाच्या प्रश्नावर अर्धे बाक रिकामे झाले.

सोडतीसाठी क्रीडास्पर्धेचा चषक आणण्यात आला. सहावीसाठी एकाच पालकाचे नाव आले होते, पण प्रक्रिया म्हणजे प्रक्रिया, म्हणून खजिनदारांनी ती एकुलती एक चिठ्ठी आठ घड्या घालून चषकात टाकली आणि पहिलीतल्या मुलीला म्हणाले, “नीट ढवळून काढ हं, बाळा.” तिने बराच वेळ ढवळले. नाव निघाले, टाळ्या झाल्या.

आमच्या चौथीसाठी दोन नावे होती : एक माझे आणि दुसरे त्या वर्गणी न भरणाऱ्या वडिलांचे. चिठ्ठी त्यांची निघाली. खजिनदारांनी ती उलटसुलट पाहिली आणि पावतीशिवाय ग्राह्य धरणार नाही असे जाहीर केले. वर्गणी राहिली म्हणून सभासदत्व गेले असे यात कुठेही म्हटलेले नाही, असे वकीलबाईंनी प्रत हातात नाचवत सांगितले. मग कोणीतरी समजुतीने त्या वडिलांनाच म्हटले, अहो, आता समितीवर आलात, भरून टाका ते पन्नास. माझ्याकडे सुटे होते, मी ते पुढेही केले.

“आता मुळीच भरता येणार नाहीत,” ते म्हणाले. “आता भरले तर पदासाठी भरले असे होईल.”

समितीची यादी मुख्याध्यापिकांच्या सहीने फलकावर लागली. त्या वडिलांच्या नावापुढे दुसऱ्या दिवशी पेन्सिलीने, परिचित अक्षरात, ‘वर्गणी बाकी’ असे लिहिलेले दिसले. तिसऱ्या दिवशी त्यापुढे कंसात शाईने ‘तत्त्वतः’ अशी भर पडली होती.