आधी ती डिफॉल्टर लिस्ट काढा

सप्टेंबरात आत्महत्या प्रतिबंध दिन आला की कॉलेजात 'ताणतणाव व्यवस्थापन' या विषयावर व्याख्यान ठरलेलं. दीपप्रज्वलन, सत्कार, फोटो. व्याख्यानाला माझी ना नाही. पण त्याच हॉलबाहेरच्या नोटीस बोर्डवर कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लटकत असते. नाव, रोल नंबर, हजेरीची टक्केवारी आणि खाली ठळक अक्षरात 'पालकांना घेऊन येणे, अन्यथा टर्म ग्रँट होणार नाही.' म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. नांदेडहून पुण्याला शिकायला आलेल्या पोरानं ऐन सोयाबीनच्या काढणीत बापाला बोलवायचं आणि सगळ्यांदेखत विभागप्रमुखांसमोर उभं करायचं. वर्ष गेलं यापेक्षा हे घरी कसं सांगू, याचीच त्याला जास्त धास्ती असते.

मी इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवते, म्हणून हे पोटतिडकीनं लिहिते आहे.

एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, नोंदीप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या झाल्या. त्यांत सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात. तरीही प्रत्येक घटनेनंतर 'हल्लीची मुलं नाजूक' हे ऐकू येतंच. मुलं नाजूक नाहीत हो. स्कॉलरशिप अडकलेली, कॉलेज फीसाठी हॉल तिकीट अडवतंय, दोन विषय राहिलेत, रूमवर कुणाशी बोलणं नाही, त्यात जातीवरून टोमणे. हे सगळं एकाच महिन्यात अंगावर आलं तर भलेभले खचतील. यातल्या निम्म्या गोष्टी ऑफिसच्या खिडकीवर सुटू शकतात. फीला हप्ते बांधून द्या, हॉल तिकीट अडवू नका.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं यावर मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा तरी प्रशिक्षण हवं. मुलांना चारचौघांत अपमानित करणं टाळावं, हेही त्यात आहे. मग ती लिस्ट अजून बोर्डवर का? आणि समुपदेशकाची खोली प्राचार्यांच्या केबिनला लागून का? तिथं जाताना सगळा स्टाफ बघतो. कोण जाईल?

प्रशिक्षण फक्त प्राध्यापकांना देऊन भागणार नाही. मुलगा दोन दिवस जेवायला आला नाही, हे आधी मेसच्या मावशींना कळतं. रात्रभर दिवा जळतोय, हे वॉचमनकाकांना दिसतं. त्यांना एकच शिकवा: काळजी वाटली तर बाजूला घेऊन सरळ विचारायचं, 'जीव द्यावासा वाटतोय का रे?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, लगेच मदत बोलवायची. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तुम्हाला स्वतःला गरज असेल तरी आत्ता लावा.

पालकांनो, पुढच्या पालकसभेत प्लेसमेंटच्या आधी हे विचारा: समुपदेशक कोण, कुठे बसतात, कधी भेटतात? तोंडी गुळमुळीत उत्तर आलं तर लेखी मागा.