संगणकावर व्हॉट्सॲप जोडले म्हणजे संदेश उघडे पडतात का?

कोल्हापुरातील व्यापारी, वकील आणि कारखानदारांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा की, व्हॉट्सॲप संगणकाला जोडले की एन्क्रिप्शन, म्हणजे संदेश इतरांना वाचता येऊ नये म्हणून केलेली कूटबद्धता, संपते आणि सगळे संदेश कंपनीच्या सर्व्हरवर उघडे साठतात. पडद्यावरच्या क्यूआर कोडचा कोणी लांबून फोटो काढला तरी आपले खाते त्याच्या हाती जाते. फोन बंद असताना संगणकावर संदेश येत असतील तर कोणीतरी खात्यात घुसले आहे. ब्राउझर बंद केला की खाते आपोआप लॉगआउट होते. आणि सरकारने संगणकावरील वापरावर बंदी घातली आहे. यांतील एकही विधान जसेच्या तसे खरे नाही. इतर विधाने माणसाला उगाच घाबरवतात, पण ब्राउझरबद्दलचे विधान त्याला उगाच निर्धास्त करते, आणि प्रत्यक्ष नुकसान तिथेच होते.

पहिला मुद्दा एन्क्रिप्शनचा. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये सिग्नल प्रोटोकॉल या कूटबद्धतेच्या पद्धतीच्या आधारे सर्व वापरकर्त्यांसाठी एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लागू केले. संदेश पाठवणाऱ्याच्या उपकरणावर कूटबद्ध होतो, घेणाऱ्याच्या उपकरणावरच उलगडतो आणि मधल्या सर्व्हरकडे तो उलगडण्याची किल्ली नसते. संगणक जोडल्याने ही रचना मोडत नाही, कारण फोन बंद असतानाही संगणकावर व्हॉट्सॲप चालू ठेवणाऱ्या २०२१ मधील बदलानंतर जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःची वेगळी किल्ली असते. शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या फाउंड्रीच्या मालकाला ग्राहकाने दर विचारणारा संदेश पाठवला आणि मालकाने फोनबरोबर ऑफिसातला संगणकही जोडलेला असला, तर ग्राहकाच्याच फोनवर तो संदेश दोन्ही उपकरणांसाठी स्वतंत्रपणे कूटबद्ध होतो आणि मगच निघतो. नवीन संगणक जोडल्यावर त्यावर जुने संदेश दिसू लागतात, यावरून अनेकांना वाटते की ते कंपनीकडे आधीपासून साठवलेले असणार. प्रत्यक्षात आपला फोनच अलीकडच्या संदेशांचा एक गठ्ठा कूटबद्ध करून त्या संगणकाकडे पाठवतो आणि त्याची किल्लीही कूटबद्ध संदेशातूनच जाते.

याचा अर्थ कंपनीला काहीच कळत नाही असा नाही. कोणाचा कोणाशी आणि केव्हा संपर्क झाला, ही माहिती एन्क्रिप्शनच्या कक्षेत येत नाही; मात्र ती फोनवरून वापरतानाही येत नव्हती. संदेशांची प्रत खरोखरच बाहेर जाऊ शकते ती फोनमधून गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर होणाऱ्या बॅकअपमधून. या बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावण्याची सोय २०२१ मध्ये आली, परंतु ती सेटिंगमध्ये जाऊन आपल्याला सुरू करावी लागते. ज्यांना संगणकाची धास्ती वाटते त्यांनी आधी आपल्या फोनमधील हे सेटिंग तपासावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्यूआर कोडविषयीची भीती तर अगदी उलट्या बाजूने मांडलेली आहे. संगणकाच्या पडद्यावर दिसणारा कोड ही त्या संगणकाची ओळख असते, आपल्या खात्याची नव्हे. तो थोड्या थोड्या वेळाने बदलतो, आणि तुमच्या फोनने स्कॅन करून तुम्ही मान्यता दिल्याखेरीज त्याचा तुमच्या खात्याशी काहीही संबंध येत नाही. शेजारच्याने त्याचा फोटो काढून स्वतःच्या फोनने स्कॅन केला, तर जोडले जाईल ते त्याचे खाते. खरा धोका दुसऱ्याने दाखवलेला कोड आपण स्कॅन करण्यात आहे. लक्ष्मीपुरीत भाजी घेताना दुकानदाराचा कोड स्कॅन करून पैसे देण्याची सवय आपल्या हाताला लागली आहे, पण व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ या जोडलेल्या उपकरणांच्या सेटिंगमधून एखादा कोड स्कॅन करणे म्हणजे समोरच्या संगणकाला आपले संदेश वाचण्याची आणि आपल्या नावाने ते पाठवण्याची परवानगी देणे होय. हुबेहूब दिसणारी बनावट पाने याच सवयीवर चालतात. म्हणून गूगलवर शोधून मिळालेल्या पहिल्या दुव्यावर न जाता ‘वेब डॉट व्हॉट्सॲप डॉट कॉम’ हा पत्ता स्वतः टाइप करावा.

फिरणाऱ्या मजकुरात ज्याचा उल्लेखही नाही अशी एक पद्धत याहून धोकादायक आहे. क्यूआर कोड न वापरता, संगणकावर फोन नंबर टाकून मिळणारा आठ अक्षरांचा कोड फोनमध्ये भरूनही उपकरण जोडता येते. फसवणूक करणारा स्वतःच्या संगणकावर तुमचा नंबर टाकतो, त्याला मिळालेला कोड काहीतरी निमित्त सांगून तुम्हाला पाठवतो आणि तो तुमच्या फोनमध्ये भरायला लावतो. निमित्त स्पर्धेतील मताचे असो, पडताळणीचे असो वा एखादा फोटो पाहण्याचे, आपण स्वतः संगणक जोडायला बसलेलो नसताना असा कोड कधीही भरू नये. यात एन्क्रिप्शन तुटत नाही. आपणच अनोळखी उपकरणाला खात्यात घेतलेले असते, त्यामुळे पुढचे संदेश त्यालाही रीतसर पोहोचत राहतात.

फोन बंद असण्याविषयीचे विधान एके काळच्या खऱ्या अनुभवातून आले आहे. जानेवारी २०१५ मध्ये व्हॉट्सॲप वेब सुरू झाले तेव्हा संगणकावर केवळ फोनचे प्रतिबिंब दिसत असे. फोनची बॅटरी संपली किंवा रेंज गेली की संगणकावरचे कामही थांबत असे. २०२१ च्या बदलानंतर मुख्य फोनखेरीज चार उपकरणे जोडता येतात आणि फोन बंद असतानाही ती चालतात. मात्र १४ दिवसांहून अधिक काळ फोन वापरलाच नाही तर जोडलेली उपकरणे लॉगआउट होतात. तेव्हा फोन बंद असताना ऑफिसात संदेश दिसले म्हणून कोणी घुसल्याचा संशय घेण्याचे कारण नाही. शंका असेलच तर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची यादी उघडावी, तिथे प्रत्येक उपकरण आणि ते शेवटचे केव्हा वापरले गेले ते दिसते.

बंदीची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी व्हॉट्सॲपसारख्या ॲपना निर्देश दिले. खाते फोनमधील सिमशी सतत जोडलेले असावे, आणि संगणकावरील वापर जास्तीत जास्त सहा तासांनी लॉगआउट होऊन क्यूआर कोडने पुन्हा जोडण्याची सोय असावी, असे त्यांत म्हटले होते व त्यासाठी ९० दिवसांची मुदत दिली होती. पुन्हा जोडण्याची सोय ठेवा असे सांगणाऱ्या आदेशाला बंदी म्हणता येत नाही.

आता ब्राउझरच्या विधानाकडे येतो. ब्राउझरची खिडकी बंद केल्याने नेहमीच्या वापरात लॉगआउट होत नाही. त्याच संगणकावर पुढच्या माणसाने तो पत्ता उघडला की आधीच्या माणसाच्या चॅट समोर येतात. सहा तासांची मर्यादा धरली, तरी गर्दीच्या झेरॉक्स दुकानात सहा तासांत किती माणसे त्या संगणकासमोर येतात याचा विचार करावा. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सुरू झाल्यापासून सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतूनही पक्षकार येथे येतात. घरापासून लांब आलेल्या आणि सगळे कागद फोनमध्ये असलेल्या माणसाला ऐन वेळी प्रिंट हवी असते. तो दुकानातील संगणकावर व्हॉट्सॲप जोडतो, आधार कार्ड किंवा वकिलाने पाठवलेला मसुदा डाउनलोड करतो, प्रिंट घेतो आणि सुनावणी चुकू नये म्हणून घाईने निघून जातो. खाते तिथेच उघडे राहते. घरच्यांशी झालेले बोलणे, बँकेचे तपशील, वकिलाशी झालेली चर्चा, सारे काही त्या दुकानात राहते. अशा माणसाला ‘ब्राउझर बंद केला की झाले’ असे सांगणे ही गंभीर चूक आहे.

एका कागदासाठी संपूर्ण खाते जोडण्याची गरज नसते. ती एकच फाइल ईमेलने किंवा केबलने देता येते. जोडावेच लागले तर निघण्यापूर्वी संगणकावरून लॉगआउट करावे, आणि ते राहून गेले असेल तर दुकानात परत न जाता फोनमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’च्या यादीतून त्या संगणकाला काढून टाकता येते. लॉगआउट केल्यानंतरही डाउनलोड केलेली फाइल संगणकातच राहते, ती वेगळी डिलीट करावी लागते आणि रिसायकल बिनमधूनही काढावी लागते.

मार्केट यार्डातील पेढ्यांत आणि कारखान्यांच्या ऑफिसांत हाच प्रश्न निराळ्या रूपात येतो. मालकाचे खाते कामाच्या सोयीसाठी हिशेबनिसाच्या संगणकाला जोडलेले असते आणि हिशेबनीस नोकरी सोडून गेल्यावरही ते तसेच राहते. तो घरचा लॅपटॉप वापरत असेल, तर व्यवहाराचे संदेश पुढेही त्याच्या घरी पोहोचतात. म्हणून ज्या दिवशी माणूस काम सोडतो, त्याच दिवशी मालकाने आपल्या फोनमधील यादी उघडून त्याचे उपकरण काढावे, आणि ऑफिससाठी शक्यतो वेगळा नंबर ठेवावा, म्हणजे घरातील बोलणे मुळातच त्या संगणकावर जाणार नाही.