तिसऱ्याच टर्नला डाव जिंकू इच्छिणाऱ्यांसाठी थोडे मार्गदर्शन

शनिवारी संध्याकाळी चार मित्र 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचा 'कमांडर' प्रकारातला डाव मांडून बसणार असतील आणि त्यांतले एक आपण असाल, तर आपल्या डेकविषयी, म्हणजे घरून जुळवून आणलेल्या पत्त्यांच्या संचाविषयी, खरे काही बोलायचे नाही, हे ठरवूनच घरातून निघावे. पत्ते पिसण्यापूर्वी कुणीतरी विचारतेच, "तुझा डेक कितपत तगडा आहे?" यावर 'दहापैकी सात' असे सांगण्याची जुनी प्रथा होती आणि जगातला प्रत्येक डेक बरोबर सातच भरत असे. हा खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने फेब्रुवारी 2025 मध्ये डेकांचे पाच गट पाडून ही सोय मोडायला घेतली. पण घाबरण्याचे कारण नाही, आता 'तीन' म्हणावे. पहिल्या दोन गटांत दोन पत्त्यांचा अनंत, म्हणजे न थांबता फिरत राहणारा, कॉम्बो नको आणि तिसऱ्यात तो सुरुवातीच्या टर्नांत नको, असे त्या पहिल्या मसुद्यात म्हटले होते. आपला कॉम्बो मुळी अनंत नाहीच. तो एकदाच होतो, आणि तेवढ्यात डाव संपतो.

कॉम्बो निवडताना 'थासाज ओरॅकल' आणि 'डीमॉनिक कन्सल्टेशन' या जोडीचा विचार करावा. पत्ता खेळायला जे जादूचे बळ मोजावे लागते ते माना; ओरॅकलला दोन निळे माना लागतात, कन्सल्टेशनला एक काळा. म्हणजे तीन माना मोजून समोरच्या तिघांच्या तीन माना एकदम मुरगळता येतात. ओरॅकल टेबलावर आली की तिचा परिणाम लागू होण्याआधीच कन्सल्टेशन खेळावे. त्यात एका पत्त्याचे नाव घ्यायचे असते आणि तो सापडेपर्यंत आपल्या लायब्ररीतले, म्हणजे अजून न उचललेल्या गठ्ठ्यातले, पत्ते कायमचे बाद होत जातात. आपल्या डेकमध्ये नसलेल्या पत्त्याचे नाव घेतले की तो सापडत नाही, लायब्ररी रिकामी होते आणि रिकाम्या लायब्ररीच्या मालकाला ओरॅकल विजयी घोषित करते. ओरॅकल पाहते ते एवढेच, की टेबलावरच्या आपल्या पत्त्यांवरची निळ्या मानाची चिन्हे लायब्ररीतल्या पत्त्यांहून कमी नाहीत ना; मध्येच कुणी तिला मारून ती चिन्हे शून्यावर आणली तरी शून्य हे शून्याएवढे असतेच, त्यामुळे निकाल बदलत नाही. नाव कोणते घ्यावे, हा मात्र रसिकतेचा प्रश्न आहे. मी समोरच्या भिडूच्या कमांडरचे, म्हणजे त्याच्या डेकच्या म्होरक्या पत्त्याचे, नाव सुचवेन. त्याने महिनाभर खपून ज्याच्याभोवती डेक बांधला, त्याचा डावात निदान उल्लेख तरी होतो.

काही हळवे लोक इथे हिशेब मांडतात. प्रत्येकाला 40 लाइफ (ते शून्यावर आले की भिडू बाद), म्हणजे प्राणी पाठवून जिंकू पाहणाऱ्याला तिघांचे मिळून 120 लाइफ उतरवावे लागते आणि तेही तिघांचे मार खात खात. आपल्याला त्यातले एकही उतरवावे लागत नाही. यावर त्यांना नियमपुस्तक दाखवावे. नियमपुस्तकात हा कॉम्बो बसतोच, आणि 'चौघांनी संध्याकाळ मजेत घालवावी' असे वाक्य कुठल्याही क्रमांकाखाली सापडत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. कमांडरचा डेक शंभर पत्त्यांचा, आणि बेसिक लँड (माना पुरवणारे साधे पत्ते) व काही मोजके अपवाद सोडले तर एकही पत्ता दोनदा घालता येत नाही. प्रत्येक डाव वेगळा रंगावा, म्हणून हा खटाटोप. आपल्याला तर दर शनिवारी तोच डाव हवा असतो. त्यासाठी ट्यूटर भरपूर भरावेत: दुसऱ्या टर्नला 'डीमॉनिक ट्यूटर' खेळून डेकमधला हवा तो पत्ता हातात घ्यावा आणि "बघू, काय मिळतंय ते," असे पुटपुटावे. चेहरा मात्र साधा ठेवावा.

मागच्या खेपेस आमच्या टेबलावर मित्राचा शाळकरी मावसभाऊ प्रथमच आला होता. तयार मिळणारा डेक त्याने आदल्या रात्री एकेक पत्ता स्लीव्हमध्ये सरकवून सजवला होता आणि सात मानांचा ड्रॅगन हाताच्या अगदी डाव्या टोकाला धरला होता. भडंगाचा बकाणा भरतानाही त्या पत्त्यावरचा अंगठा हलत नव्हता. कॉम्बो पूर्ण झाल्यावर त्याने विचारले, "दादा, आता मी काही करू शकतो का?" अशा वेळी दयाबुद्धी जागी होऊ देऊ नये. "काउंटरस्पेल ठेवायला हवा होतास," असे शांतपणे सांगावे. दुसऱ्याची चाल रद्द करणारा हा निळा पत्ता त्याच्या लाल-हिरव्या डेकमध्ये नियमानेच चालत नाही, हे त्याला घरी गेल्यावर कळेल.

कॉम्बोवर सरसकट चिडणाऱ्यांना मी मात्र फारशी किंमत देत नाही. तीन तास झालेले आहेत, टेबलावर प्राण्यांची जत्रा भरली आहे, कुणीच कुणावर हल्ला करत नाही आणि चहाची तिसरी फेरी गार होत आली आहे, अशा वेळी पाच-पाच मानांचे 'सँग्विन बाँड' आणि 'एक्स्क्विझिट ब्लड' जोडीने मांडून कुणी सगळ्यांना एकदम संपवले, तर मनातल्या मनात त्याला आशीर्वाद देणारा मी एकटा नसतो. पण हा माणूस आपल्या उपयोगाचा नाही. त्याने सुरुवातीलाच "माझ्या डेकमध्ये असा कॉम्बो आहे, चालेल ना?" असे विचारून स्वतःचे नुकसान करून घेतलेले असते. त्यामुळे त्या जोडीतला पहिला पत्ता खाली पडला तेव्हाच तिघेही सावध झाले होते.

आपला डाव अकरा मिनिटांत उरकेल. मग मित्रांना एकेक काम आठवू लागते. कुणाला दळण आणायचे असते, कुणाचा दुसऱ्या दिवशी पेपर असतो. वाईट वाटून घेऊ नये. घरी येऊन टेबलावर एकट्यानेच डेक मांडावा आणि समोर भिडू आहे असे धरून कॉम्बो कितव्या टर्नला बसतो ते पाहावे. या खेळातले लोक अशा काल्पनिक भिडूला 'गोल्डफिश' म्हणतात. गोल्डफिश कुरकुर करत नाही, काउंटरस्पेल ठेवत नाही आणि डेक सात की तीन हेही विचारत नाही. फक्त तिचे 40 लाइफ कागदावर लिहायला विसरू नये.