'रॉवर टाका आणि व्हाइट बॅलन्स विसरा' या मेसेजला हळदीच्या गाळ्यातून उत्तर

गेले काही महिने आमच्याकडच्या फोटोग्राफरांच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. नवीन कॅमेरा घेतलेली पोरं तो जपून ठेवतात आणि वीस-वीस वर्षं लग्नाच्या ऑर्डरी करणारी माणसंही 'एकदम बरोबर' म्हणून पुढं ढकलतात. त्यात थोडक्यात असं आहे: कॅमेरा रॉवर (कच्च्या फाइलवर) टाका, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोतले रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवर ठेवा आणि विसरून जा, रंग नंतर कॉम्प्युटरवर हवा तसा करता येतो. ऑटो चुकलाच तर केल्विन (उजेडाच्या रंगाचा आकडा) ५५०० करा, तोच खरा रंग. जेपेग (कॅमेऱ्यानंच दाबून तयार केलेला फोटो) कधीच वापरू नका, तो नुसता उघडला तरी दर वेळी खराब होतो. डीपीआय (छापताना इंचाला किती ठिपके) ३०० ठेवा. आणि शेवटी, गिऱ्हाइकाला रंगातलं काही कळत नाही, उगाच डोकं लावत बसू नका.

मी सांगलीत लग्नाचे फोटो काढतो आणि हळदीचा हंगाम सुरू झाला की मार्केट यार्डात नमुन्यांचे फोटो काढतो. लग्नात हळदीचा कार्यक्रम, यार्डात हळदीचे ढीग, म्हणजे पिवळा रंग हेच माझं पोटापाण्याचं काम. त्या मेसेजमधली निम्मी वाक्यं अर्धी खरी आहेत आणि अर्ध्या खऱ्या वाक्यावर विश्वास ठेवूनच मी एकदा मोठा फटका खाल्लाय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"रॉ असेल तर व्हाइट बॅलन्सकडे बघायची गरज नाही."

यातलं खरं आधी मान्य करतो. रॉ फाइलमध्ये सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाचे कच्चे आकडे असतात. तुम्ही निवडलेला व्हाइट बॅलन्स म्हणजे पोत्यावर लावलेली चिठ्ठी. चिठ्ठी बदलली म्हणून आतला माल बदलत नाही. त्यामुळे एकाच प्रकाशात काढलेला रॉ फोटो नंतर हवा तेवढा पिवळट किंवा निळसर करता येतो. जेपेगमध्ये तेच जोरात करायला गेलं की रंग फाटतात, कारण तिथं प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात आणि १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. इथपर्यंत मेसेजशी माझं भांडण नाही.

पण नंतर करायचं म्हणजे कशाशी ताडून करायचं? दोन हंगामांपूर्वी एका अडत्यांनी मला एका लॉटचे फोटो काढायला बोलावलं. खरेदीदार परराज्यातला, माल न बघता फोटोवर बोलणी होणार होती. मी रॉ आणि जेपेग दोन्ही चालू ठेवलं आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवर. एक फोटो असा घेतला की चौकटभर नुसती हळकुंडं. दुसऱ्यात त्याच ढिगाच्या कडेला हमालमामांची पांढरी टोपी आणि पोत्याचं तोंड आलं. घाई होती म्हणून जेपेग तिथूनच मोबाइलवर घेऊन पाठवले. तासाभरात फोन आला: हे दोन वेगळे लॉट आहेत का? पहिला माल फिका दिसतोय, मिसळ तर नाही ना?

अडते चाळीस वर्षं या धंद्यात आहेत. 'मिसळ' हा शब्द त्यांच्या पेढीबद्दल कुणी काढला नव्हता, आणि तो माझ्या फोटोमुळं निघाला.

त्या रात्री घरी रॉ फाइली उघडून मी रंग 'सुधारला'. आठवणीतली हळद लख्ख होती, म्हणून स्लायडर सरकवत तशी केली. सकाळी त्याच लॉटमधलं एक हळकुंड मोडून स्क्रीनशेजारी धरलं, तर माझा फोटो मालापेक्षा सरळ केशरी झाला होता. आता चूक उलट्या बाजूची होती आणि ही तर जास्त वाईट, कारण हिच्यात माल आहे त्यापेक्षा चांगला दिसत होता. रॉमध्ये सगळे आकडे शाबूत होते, पण त्यातला कोणता पिवळा खरा हे सांगणारं काही त्या फाइलमध्ये नव्हतं. ते त्या वेळी गाळ्यात, हळदीशेजारी, करड्या कार्डाच्या (कुठल्याच रंगाकडं न झुकणाऱ्या राखाडी पुठ्ठ्याच्या) रूपात ठेवायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट त्या मेसेजमध्ये कुणीच लिहिलेली नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर दिसणारा फोटो आणि हिस्टोग्राम (डावीकडं अंधार, उजवीकडं उजेड दाखवणारा डोंगरासारखा आलेख) बहुतेक कॅमेऱ्यांत आतल्या जेपेगवरून बनतो, तुम्ही लावलेल्या व्हाइट बॅलन्ससकट. म्हणजे रॉ काढत असलात तरी व्हाइट बॅलन्स चुकीचा असेल तर एक्स्पोजरचा (किती उजेड आत घ्यायचा त्याचा) अंदाजही चुकतो. हळदीच्या ढिगाचा तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम एकदा नीट बघा. लाल डोंगर उजव्या भिंतीला टेकलेला असतो, निळा डाव्या भिंतीला, आणि हळकुंडावरच्या रेघा, गाठी, पॉलिशची चकाकी हे सगळं एकट्या हिरव्याच्या जोरावर उभं असतं. लाल भिंतीला आपटला की जेपेगमध्ये त्या जागी नुसता पिवळा सपाट डाग उरतो. रॉमध्ये तो बऱ्याचदा वाचतो, आणि माझ्या मते हळदीसाठी रॉ ठेवायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

"ऑटो व्हाइट बॅलन्स माणसापेक्षा हुशार असतो."

ऑटोला समोर हळद आहे की पिवळा बल्ब, हे कळत नाही. चौकटीत एकच रंग भरून राहिला की तो रंग प्रकाशाचाच असावा असा त्याचा हिशेब होतो आणि तो विरुद्ध बाजूला ओढतो. हळदीला निळ्याकडे ओढलं की ती फिकी पडते. माझ्या पहिल्या फोटोत हेच झालं. दुसऱ्या फोटोत पांढरी टोपी आली आणि त्याचा हिशेब बदलला. सप्टेंबरात साताऱ्याहून कासला जाऊन तेरड्याच्या गुलाबी पट्ट्याने चौकट भरून बघा, गुलाबी बऱ्याचदा असाच मरतो. थोडं आकाश, थोडा कातळ आत घेतला की परत येतो.

ऑटोवर मी सरसकट काट मारत नाही. वरातीत, जिथं दर दहा पावलांवर प्रकाश बदलतो, तिथं मीही ऑटोच ठेवतो. पण तिथंही मेन्यूत जाऊन बघा. कॅननच्या अलीकडच्या कॅमेऱ्यांत ऑटोचे दोन प्रकार असतात, एक वातावरणातला उबदारपणा राखणारा आणि एक पांढरं पांढरं करणारा. निकॉनच्या नव्या कॅमेऱ्यांतही तशी निवड आहे. समईच्या उजेडातली आजी पांढऱ्याफटक प्रकाशात दाखवायची नसेल तर उबदार प्रकार निवडा. बहुतेकांनी हा मेन्यू कधी उघडलेलाच नसतो.

"५५०० केल्विन म्हणजे खरा रंग."

खरा रंग असा कुठला आकडा नसतो. ५२०० ते ५५०० हा भर उन्हाचा आकडा आहे. जुना पिवळा बल्ब २८०० च्या आसपास, ढगाळ आकाश ६००० ते ६५००, निळ्या आभाळाखालची सावली ७००० ते ८०००. कॅमेऱ्यात आकडा घालणं म्हणजे त्याला 'इथं असा उजेड आहे' असं सांगणं, आणि तो त्याच्या उलट दुरुस्ती करतो. म्हणून आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो, आणि नवीन माणूस इथंच गोंधळतो. बल्बखाली ५५०० ठेवलं तर नवरी नारिंगी येणार आणि सावलीत ठेवलं तर निळसर.

शिवाय केल्विन फक्त निळ्या-पिवळ्या बाजूचं बोलतं. स्वस्त एलईडी आणि ट्यूबचा उजेड हिरवट असतो. त्याला हिरवा-किरमिजी (मजेंटा) हा दुसरा काटा लागतो आणि मेसेजमध्ये त्याचं नावसुद्धा नाही. ट्यूबखाली शटरही जपून ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे असा दिवा सेकंदाला १०० वेळा मिणमिणू शकतो. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं तर एकामागोमाग काढलेल्या फोटोंचा रंग आणि उजेड बराच सारखा राहतो.

हळदीच्या कार्यक्रमाचा मांडव तर याहून अवघड. वर पिवळं-गुलाबी कापड, त्यातून गाळून येणारं ऊन, एका बाजूनं उघडं आभाळ, आणि डेकोरेशनवाल्यांनी भर दिवसा लावलेले रंगीत पार लाइट. नवरीचा एक गाल पिवळा आणि दुसरा निळा. इथं रॉ असो की काही असो, एका स्लायडरनं दोन्ही गाल दुरुस्त होत नाहीत. एक सुधारला की दुसरा बिघडतो. प्रत्येक फोटोत चेहऱ्याचे भाग निवडून वेगवेगळे रंगवता येतात, पण चारशे फोटोंना ते कोण करणार? त्यापेक्षा मी आधी डेकोरेशनवाल्यांना विनंती करून तासभर पार लाइट बंद ठेवायला सांगतो आणि पाट मांडवाच्या उघड्या कडेला सरकवून घेतो. घरच्या बायका आधी नाराज होतात, पण 'वहिनी, हळद अंगावर हळदीसारखी दिसायला पाहिजे' म्हटलं की ऐकतात.

"कस्टमची कटकट नको, पांढरं काहीही दाखवा." मेसेजखालच्या उत्तरांत हे वाक्य बऱ्याच जणांनी जोडलंय, म्हणून त्याबद्दलही लिहितो. कस्टम म्हणजे कॅमेऱ्याला एखादी वस्तू दाखवून 'हे पांढरं मान' असं सांगणं. पांढरं काहीही चालत नाही. मी सुरुवातीला हमालांची टोपी, धोतर, पाहुण्यांचा सदरा यांच्यावरून कस्टम घ्यायचो. आपल्याकडं पांढऱ्या कपड्याला नीळ घालतात. तो कपडा डोळ्याला शुभ्र वाटतो तो त्यातल्या निळसरपणामुळंच. कॅमेऱ्यानं त्याला पांढरं मानलं की सगळा फोटो पिवळा होतो. झेरॉक्सच्या कागदातही शुभ्रपणासाठी चमक आणणारी द्रव्यं असतात. करडं कार्ड फार महाग नसतं आणि खिशात मावतं. ज्या उजेडात वस्तू आहे त्याच उजेडात, वस्तूच्या अगदी शेजारी धरून त्याचा फोटो घ्यायचा आणि मेन्यूत तो कस्टमला लावायचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

"जेपेग उघडला तरी खराब होतो."

हे चूक आहे. उघडल्यानं, बघितल्यानं, कॉपी केल्यानं जेपेगमधला एक ठिपकाही बदलत नाही. तो खराब होतो बदल करून पुन्हा सेव्ह केल्यावर, कारण तेव्हा तो नव्यानं दाबला जातो. आणि व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला की होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जसाच्या तसा जाईल.

क्वालिटी आणि साइज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही सांगायला हवं. लार्ज, मीडियम, स्मॉल म्हणजे ठिपके किती. फाइन, नॉर्मल, बेसिक म्हणजे ते दाबून किती बारीक केले. कॅननमध्ये गुळगुळीत कडेची खूण म्हणजे फाइन आणि पायऱ्यांची म्हणजे जास्त दाबलेला. मेमरी कार्ड भरतंय म्हणून लार्ज-बेसिक करणारे मी पाहिलेत. दाबताना फोटो आठ-आठ ठिपक्यांच्या चौकोनांत विभागला जातो आणि रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा जास्त छाटली जाते. आता हळदीच्या ढिगात फरक असतो तो रंगाचाच, म्हणजे नेमकं तेच आधी जातं. जागा वाचवायचीच असेल तर जेपेग मीडियम-फाइन करा.

मग जेपेग कधी? पाहुण्यांच्या ग्रुप फोटोंना, बक्षीस समारंभाला, त्याच दिवशी द्यायच्या कामाला, जिथं उजेड एकसारखा आहे आणि कस्टम लावलाय. तिथं फाइन जेपेग पुरेसा आहे आणि त्याची लाज वाटायचं काही कारण नाही.

डीपीआय ३०० चा मुद्दा दोन ओळींत संपतो. तो फाइलमध्ये लिहिलेला नुसता आकडा आहे, ठिपके तेवढेच राहतात. ६००० गुणिले ४००० चा फोटो ३०० नं छापला तर २० इंच रुंद होतो. तोच अल्बमच्या ३६ इंची पानभर ताणला तर इंचाला सुमारे १६७ च ठिपके उरतात, मेन्यूत काहीही लिहिलेलं असो.

"गिऱ्हाइकाला रंगातलं कळत नाही."

सांगलीत बसून हे वाक्य पुढं पाठवणाऱ्यांचं मला खरोखर वाईट वाटतं. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय आणि इथं हळकुंड मोडून आतला रंग बघून भाव ठरतो. कुणी म्हणेल, समोरच्याच्या मोबाइलचा स्क्रीनच पिवळट असेल तर तुमच्या कार्डाचा काय उपयोग? उपयोग आहे. पिवळट स्क्रीनवर कार्डही पिवळट दिसतं आणि बघणाऱ्याला तेवढं वजा करता येतं. दोन लॉटमधला फरकही सगळ्या फोटोंत सारखाच राहतो.

त्या प्रकरणानंतर मी अडत्यांकडं जाऊन चूक सांगितली. ते फार बोलले नाहीत. एक हळकुंड उचललं, ट्यूबखालून चालत दारापर्यंत आले, उंबऱ्यावर उभं राहून मोडलं आणि आतली बाजू माझ्यापुढं धरून म्हणाले, "आम्ही इथं बघतो. तुम्ही आत का काढता?" गाळ्याच्या दाराला सकाळी ऊन नसतं, उघड्या आभाळाचा एकसारखा उजेड असतो. आता मी नमुन्याचं ताट तिथंच ठेवतो, ट्यूब बंद करायला सांगतो, कार्डावर कस्टम घेतो, रॉ आणि फाइन जेपेग दोन्ही काढतो आणि पहिल्या फोटोत मोडलेलं हळकुंड आणि कार्ड शेजारी शेजारी ठेवतो. पाठवण्याआधी अडते माझा मोबाइल एका हातात आणि हळकुंड दुसऱ्या हातात धरून दोन्हीकडं आळीपाळीनं बघतात. गेल्या हंगामात दोनदा त्यांनी "परत काढा" म्हटलं. दोन्ही वेळा ऊन सरकून उंबऱ्यावर आलं होतं आणि मी कार्ड पुन्हा घेतलं नव्हतं.