एनडीपीएस कायद्यात एक खंड सरकला, आणि सात वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्यात, मॉर्फिन या तीव्र वेदनांवरच्या औषधाच्या खरेदी, साठा, वाहतुकीचे नियम करायचा अधिकार कलम १० खाली राज्यांकडे होता. त्यामुळे राज्य बदललं की नियम बदलायचे. रुग्णालयाला बाळगण्याचा, आणण्याचा, वाहतुकीचा असे वेगवेगळे परवाने लागत आणि ते सगळे एकाच वेळी चालू असावे लागत. एकाची मुदत संपली की बाकीचे हातात असून निरुपयोगी. वर कडक शिक्षेचा धाक. हाल झाले ते कॅन्सरच्या पेशंटचे.

म्हणून २०१४ ची दुरुस्ती मला मनापासून पटते. 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधं' असा नवा वर्ग केला आणि त्याचे नियम केंद्राकडे घेतले. २०१५ मध्ये त्यात सहा औषधं आली: मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन. आता रुग्णालयाने राज्याच्या औषध नियंत्रकाची, म्हणजे आपल्याकडे एफडीएची, मान्यता घ्यायची.

घोळ झाला तो मांडणीत. या नव्या वर्गाची व्याख्या कलम २ मध्ये खंड (आठ-अ) म्हणून घातली. तिथे आधीपासून असलेली 'अवैध व्यापारा'ची व्याख्या (आठ-ब) झाली. पण तस्करीला पैसा पुरवणाऱ्याला १० ते २० वर्षांची शिक्षा देणारं कलम २७-अ जुन्याच '(आठ-अ) च्या उपखंड (एक) ते (पाच)' कडे बोट दाखवत राहिलं. नव्या (आठ-अ) ला उपखंडच नाहीत, म्हणजे शिक्षा कोणत्या गुन्ह्याला तेच कलमातून गायब! त्रिपुरातल्या खटल्यात आरोपीने नेमका हाच मुद्दा घेतला. जून २०२१ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने दुरुस्ती करायला सांगितलं, ३० सप्टेंबरला अध्यादेश निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. तोही १ मे २०१४ पासून लागू. कृत्य घडलं तेव्हा जे कलम लागू होत नव्हतं, त्याखाली आज शिक्षा कशी, हा संविधानाच्या अनुच्छेद २०(१) चा प्रश्न त्यातून उभा राहतोच.

हे टाळणं अवघड नव्हतं. नवी व्याख्या (आठ-ब) म्हणून घालायची, जुनीचा क्रमांक हलवायचाच नाही. इंग्रजी वर्णानुक्रम मोडला असता, एवढंच. हलवायचाच असेल तर तो क्रमांक मूळ कायद्यात, केंद्राच्या आणि राज्यांच्या नियमांत, नमुना अर्जांत जिथे जिथे आहे त्याचा तक्ता आधी करायचा आणि प्रत्येक जागेची दुरुस्ती त्याच विधेयकात घालायची.

राज्यांनीही आपल्या जुन्या नियमांतून ही सहा औषधं नाव घेऊन वगळायला हवीत. नाहीतर टेबलावरचा अधिकारी हातातल्या पुस्तिकेप्रमाणे जुनाच परवाना मागणार, आणि गोळ्या अडकणार.